ऑस्लो, बर्गन आणि फ्लोमची रेल्वे: आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन फ्योर्ड बघायचे तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून सहा जण मे अखेरीस नॉर्वेला निघाले आहेत: नवरा-बायको, सासरे ७१, सासूबाई ६६, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. ऑस्लोला उतरायचं, बर्गनहून परतायचं. ऑस्लो ते बर्गन हा रेल्वेप्रवास, मधली फ्लोमची घाटरेल्वे आणि फ्योर्डमधली, म्हणजे डोंगरांत लांब आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतली, बोट असं सगळं एकाच दिवसात बसवायचा विचार आहे. जमेल का, तिकिटं कशी काढायची, कुठल्या बाजूला बसायचं आणि खाण्यापिण्याचं काय?

वेळापत्रकात ते बसतं, आणि 'नॉर्वे इन अ नटशेल' या नावाने हीच फेरी एका दिवसाची म्हणून विकलीही जाते. तरीही तुम्ही ती तशी करू नका. हिशेब मांडा. ऑस्लो ते मिर्डाल पावणेपाच-पाच तास. मिर्डाल ते फ्लोम तासाभराची घाटरेल्वे. फ्लोम ते गुडवांगन दोन तासांची बोट. तिथून व्हॉसपर्यंत तासाभराची बस. व्हॉसहून बर्गनला सव्वा तासाची गाडी. मधल्या थांब्यांसकट बारा-तेरा तास सहज होतात. पाच वाहनं, चार बदल, आणि प्रत्येक बदलाला सहा जणांच्या बॅगा. सगळ्यात सुंदर भाग म्हणजे बोट. ती येते तेव्हा सकाळी सहाच्या आधी उठवलेलं पाच वर्षांचं पोर कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं असतं.

त्याऐवजी प्रवासाचे दोन तुकडे करा. एके दिवशी ऑस्लोहून थेट बर्गन, मध्ये कुठेही न उतरता. बॅगा एकदा चढवायच्या, एकदा उतरवायच्या. दुसरा दिवस बर्गनमध्ये निवांत. तिसऱ्या दिवशी बॅगा हॉटेलातच ठेवून, पाठीवर एकेक पिशवी घेऊन बर्गन–मिर्डाल–फ्लोम–गुडवांगन–व्हॉस–बर्गन अशी गोल फेरी. ही फेरीही दहा-अकरा तासांची आहे. पण हात मोकळे असतात, आणि थकून परत जायचं ते ओळखीच्या खोलीत. बर्गन ते व्हॉस हा पट्टा या फेरीत दोनदा होतो, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे फ्लोमला एक रात्र मुक्काम. संध्याकाळी क्रूझ जहाजं निघून गेली की तेच गाव शांत होतं, म्हणून हा मार्ग चांगला. पण तिथे खोल्या मोजक्याच आहेत आणि सहा जणांना त्या महाग पडतात. शिवाय बॅगांचा प्रश्न परत येतोच. पैसे आणि दिवस दोन्ही हाताशी असतील तरच.

गोल फेरी कुठल्या दिशेने

आधी रेल्वे, मग बोट. मिर्डालला थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या दिवसात मोजक्या असतात. त्यामानाने व्हॉस–बर्गन मार्गावर स्थानिक गाड्याही धावतात. चुकली तर महागात पडेल अशी गाठ सकाळी उरकून टाकली, की संध्याकाळी बस अर्धा तास उशिरा आली तरी काही बिघडत नाही. व्हॉसहून पुढची गाडी मिळते. उलट दिशेने गेलात तर दिवसाची शेवटची गाठ मिर्डालची होते. तिथे गाडी चुकली तर ८६६ मीटर उंचीवर, वाऱ्यात, पुढची गाडी कधी येते याची वाट बघत बसायचं. मिर्डालला गाडीरस्ताच नाही, त्यामुळे टॅक्सी बोलावून सुटका होत नाही.

मिर्डाल म्हणजे गाव नव्हे, डोंगरातलं एक जंक्शन. फलाट बदलला की फ्लोमची हिरवी गाडी उभी असते. मे अखेरीस आजूबाजूला बर्फ असणारच, म्हणून जॅकेट बॅगेच्या तळाशी नको, अंगावर हवं. उतरल्याबरोबर सगळे घाटगाडीच्या खिडक्यांकडे पळतात. तुम्ही पळू नका. एकाने सासूबाईंचा हात धरायचा, दुसऱ्याने मुलांना घेऊन पुढे व्हायचं. या गाडीत कुठली बाजू चांगली यावर लोक खूप वाद घालतात, पण मार्ग डोंगराच्या पोटात वळून पुन्हा बाहेर येतो, दृश्य कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. सहा जणांना समोरासमोरच्या जागा मिळाल्या तर खिडकीपेक्षा त्या घ्या.

या घाटाबद्दल मुलांना आधी थोडं सांगून ठेवा, मग ती खिडकीला चिकटतात. २०.२ किलोमीटरमध्ये गाडी ८६६ मीटरवरून समुद्राच्या काठाला उतरते. सर्वांत तीव्र चढ १८ला १, म्हणजे १८ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपला बोरघाट ३७ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. नेरळ–माथेरान २०ला १, पण ती दोन फुटी रुळांवरची खेळण्यातली गाडी. फ्लोमची रेल्वे पूर्ण रुंदीच्या स्टँडर्ड गेजवर, दातेरी रुळाशिवाय, नुसत्या चाकाच्या पकडीवर यापेक्षा तीव्र उतार उतरते. त्यासाठी गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिन असतं आणि उतरताना वेग तीस किलोमीटरच्या आसपासच ठेवतात. मार्गात २० बोगदे आहेत, त्यांतले १८ हाताने खोदलेले. नदी तीनदा आडवी येते, पण पूल एकही नाही. नदीलाच बोगद्यातून रुळांखालून पलीकडे नेलं आहे. रेल्वे १९४० मध्ये सुरू झाली, विजेवर १९४४ मध्ये आली.

वाटेत ख्योसफोसन धबधब्यापाशी गाडी पाचेक मिनिटं थांबते आणि सगळ्यांना उतरू देतात. तिथला फलाट तुषारांनी कायम ओला असतो, बुटाचा तळ गुळगुळीत असेल तर पाय सरकतो. सासरे-सासूबाईंना डब्याच्या दारातूनही धबधबा नीट दिसतो, उतरायलाच हवं असं नाही. उन्हाळ्याच्या मोसमात लाल कपड्यातली एक बाई कड्यावर येऊन संगीतावर नाचते. ती 'हुल्द्रा', नॉर्वेच्या लोककथांमधली रानातली मोहिनी, पाठीमागे गाईची शेपटी असलेली. मोठ्यांना हे जरा नाटकी वाटतं, मुलांना फार आवडतं. फोनची काच पुसायला सुती रुमाल वरच्या खिशात ठेवा, नाहीतर पाचातली तीन मिनिटं तो शोधण्यातच जातात. उतरताना कानात दडे बसतात. धाकट्याला चघळायला गोळी द्या.

बेरेकवाम या मधल्या स्टेशनवर दोन्ही दिशांच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात. संपूर्ण मार्गावर क्रॉसिंगची सोय फक्त तिथेच आहे. वरची गाडी उशिरा आली की खालची अडकते, ती याच कारणाने.

बोट

फ्लोमहून निघालेली बोट आधी आउरलांडफ्योर्डमधून जाते आणि मग डावीकडे वळून नॅरॉयफ्योर्डमध्ये शिरते. हे दोन्ही सोग्नेफ्योर्डचे फाटे. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि काही ठिकाणी तेराशे मीटर खोल आहे. नॅरॉयफ्योर्ड १७ किलोमीटरचा, सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर, आणि २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली समुद्र येऊन थांबला आहे आणि आपण होडीतून वर मान करून बघतो आहोत, असं काहीसं. फरक एवढाच की ही दरी बर्फाच्या नदीने कोरली, म्हणून तळ सपाट आणि भिंती उभ्या.

पहिल्या तासात सगळे डेकवर उभे राहून गारठतात आणि नॅरॉयफ्योर्ड आला की आत जाऊन बसतात. नेमकं उलट करा. पहिला तास आत बसून जेवून घ्या, बोट वळली की टोप्या-हातमोजे चढवून बाहेर या. या मार्गावरच्या नव्या दोन बोटींपैकी एक हायब्रिड आहे, दुसरी, २०१८ ची, पूर्ण विजेवर चालते. इंजिनाचा आवाज जवळजवळ नसल्यामुळे कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज बोटीवर ऐकू येतो. बाहेरून वर जायला नागमोडी उतरण आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना जिना चढावा लागत नाही. बोट लागण्याची भीती बाळगू नका. फ्योर्डमध्ये समुद्रासारख्या लाटा नसतात.

बोट भरली, रद्द झाली किंवा कुणाचा त्राण संपला, तर फ्लोम ते गुडवांगन बस आहे. ती ११ किलोमीटरहून लांब बोगद्यातून वीसेक मिनिटांत पोहोचते. म्हणजे दोन जणांनी बोटीने यायचं आणि बाकीच्यांनी फ्लोमच्या कॅफेत बसून मागाहून बसने गाठायचं, हेही जमतं. फक्त व्हॉसची बस दोघांची एकच धरा.

तिकिटं, आणि आधी काय काढायचं

सगळ्यात आधी जे कमी आहे ते: फ्लोमची रेल्वे. मग बोट. मग ऑस्लो–बर्गन. बस शेवटी. पुष्कळ जण ऑस्लो–बर्गनचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून ते आधी काढतात, आणि मग फ्लोमच्या गाडीत त्या दिवशी सहा जागा सलग मिळत नाहीत.

रेल्वेची तिकिटं 'व्ही' या कंपनीच्या ॲपवर मिळतात आणि देशभरची वेळापत्रकं 'एन्टुर'वर दिसतात. विक्री सहसा तीनेक महिने आधी उघडते. पॅकेज घ्यायचं की सुटं काढायचं? पॅकेजमध्ये गाठी जुळवून मिळतात, सुट्यात वेळा आपल्या मनाच्या. सहा जणांत दोन ज्येष्ठ आणि दोन मुलं असल्यावर सुटं बरं पडतं, कारण प्रत्येकाची सवलत वेगळी. वयाच्या पायऱ्या बघा: ज्येष्ठांची सवलत ६७ पूर्ण झाल्यावर, म्हणजे सासऱ्यांना लागू, सासूबाईंना नाही. मुलीचं तिकीट मुलांच्या दराचं. सहा वर्षांखालचा मुलगा रेल्वेत मोफत, पण ऑस्लो–बर्गन सात तासांच्या प्रवासात त्याला मांडीवर बसवायचा विचार करू नका. बुकिंगमध्ये त्याची नोंद करून जागा घ्या. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरतो. घाटरेल्वे आणि बोट यांचे दर वेगळे आणि सवलतींचे नियमही वेगळे, म्हणून एकीकडचा हिशेब दुसरीकडे लावू नका.

बर्गन–मिर्डाल आणि मिर्डाल–फ्लोम एकाच बुकिंगमध्ये काढा. पहिली गाडी उशिरा आली तर पुढच्या गाडीत बसवणं मग रेल्वेचं काम होतं. दोन वेगळी तिकिटं असली की ते तुमचं नशीब.

शेंगेन व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणाऱ्या दराचं तिकीट घेऊ नका. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे. व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

आता एक शब्द पाठ करा: 'बुस फॉर तोग', म्हणजे गाडीऐवजी बस. बर्फ नसतो तेव्हाच रुळांची मोठी कामं करता येतात, त्यामुळे उन्हाळ्यात काही दिवस मार्गाचे तुकडे बंद ठेवून बस सोडतात. इथली खोच अशी की फिन्से आणि मिर्डालला रस्ता नाही, तेव्हा बदली बस तिथे जाऊच शकत नाही. ती दुसऱ्याच रस्त्याने जाते आणि फ्लोमची गाठ तुटते. म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी एन्टुरवर त्या दिवसाच्या गाडीपुढे बसचं चिन्ह आहे का ते बघा, आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा. तसंच फ्लोम बंदरात क्रूझ जहाजं कधी येणार याची यादी आधीच प्रसिद्ध होते. जहाज नसलेला दिवस मिळाला तर फलाटावरची गर्दी स्पष्ट कमी असते.

शोधताना अडखळाल ते नावांपाशी. फ्लोमच्या स्पेलिंगमध्ये डोक्यावर गोल असलेला 'ए' आहे. आपल्या कीबोर्डवर तो नसतो. साधा 'ए' टाकला तरी ॲप ओळखतं. उच्चार मात्र 'फ्लाम' नाही, 'फ्लोम'.

ऑस्लो–बर्गन: बसायचं कुठे

ऑस्लोहून जाताना फिन्सेपर्यंत डावी बाजू, कारण हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी मार्गाच्या दक्षिणेला आहे. व्हॉस ओलांडल्यावर, विशेषतः डालेच्या पुढे, उजवी, कारण फ्योर्डचं पाणी त्या बाजूला येतं. सहा जणांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना जागा घेतल्या की हा प्रश्नच उरत नाही.

मार्ग १९०९ मध्ये पूर्ण झाला. फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर, नॉर्वेच्या रेल्वेतलं सर्वांत उंच. महाबळेश्वरपेक्षा थोडंसं खालीच, पण हवा ध्रुवाकडची. मे अखेरीस तिथलं तळं गोठलेलं असू शकतं. फिन्सेनंतर दहा किलोमीटरहून लांब बोगदा, आणि पुढे बोगदे व बर्फ अडवणाऱ्या छपऱ्या एकामागून एक येतात. 'बघ बघ' म्हणेपर्यंत दृश्य गेलेलं असतं. या पट्ट्यात फोन खाली ठेवा. फोटो फिन्सेच्या आधी, यायलोपासून वर चढताना चांगले येतात.

बुकिंग करताना कुटुंबाचा डबा निवडता येतो. त्यात लहान मुलांसाठी खेळायचा कोपरा असतो, आणि मुलं आवाज करतात म्हणून कुणी वळून बघत नाही. तो पाच वर्षांच्या मुलाला उत्तम. सासू-सासऱ्यांना मात्र शेजारच्या शांत डब्यात बसवणं जास्त चांगलं. कुत्री चालणारा भाग वेगळा असतो, ॲलर्जी असेल तर तो टाळा. मोठ्या बॅगांचे रॅक डब्याच्या टोकांना असतात. सुटण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फलाटावर हजर राहिलात तर तिथे जागा मिळते.

खाणं

गाडीतल्या कॅफेत कॉफी, बन, सॉसेज आणि काहीतरी गरम मिळतं. शाकाहारी माणसाचं भागतं, पोट भरत नाही. बरोबर न्यायचं ते नेमकं बघून न्या. नॉर्वेत युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून तुपाची बरणी, पेढे, बर्फी, खवा घरीच ठेवा. बटाटेही नेता येत नाहीत. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे, गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा यांना हरकत नाही. दही, लोणी, चीज, ब्रेड तिथल्या रेमा, किवी किंवा कूपच्या दुकानात घ्या. गाडीत घरचा डबा उघडायला संकोच नको. नॉर्वेची माणसं स्वतःच 'मातपाक्के' म्हणजे कागदात गुंडाळलेला पाव घेऊन फिरतात. लसणाची चटणी तेवढी बंद डब्यात, सात तास, सगळ्यांना वास देत उघडू नका.

मोठी दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात. मे महिन्यात १७ तारखेचा राष्ट्रदिन आणि ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या येतात, त्याही बंद. फेरीच्या आदल्या दिवशी खरेदी उरका. पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आणि चांगलं असतं, प्रत्येकाची बाटली भरून घ्या. घेतलीच बाटली, तर किमतीत दोन-तीन क्रोनर अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकून परत मिळते. मुलीला हे काम द्या. रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत, स्वच्छतागृहाचं दारही बरेचदा कार्डाने उघडतं. मात्र कार्ड परदेशात चालू करून घ्या आणि दोन वेगळ्या बँकांची दोन ठेवा.

कपडे आणि मोसम

मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा ही तुमची निवड बरोबर आहे. बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे भरलेले असतात, फिन्सेला बर्फ शिल्लक असतो, आणि महाराष्ट्रातल्या शाळा अजून उघडलेल्या नसतात. जुलैत हवा उबदार, पण गर्दी आणि दर दोन्ही वर.

बर्गनला वर्षभरात पडणारा पाऊस साधारण मुंबईइतका. मुंबई तो चार महिन्यांत उरकते, बर्गन बाराही महिने वाटून घेते. छत्री वाऱ्यात उलटते, तिचा उपयोग नाही. टोपीवाले रेनकोट घ्या, मुलांना पँटही पावसाची. एकावर एक असे पातळ थर: बनियन, लोकर किंवा फ्लीस, वरून पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. जाड एकच स्वेटर घातला की डब्यात घाम आणि डेकवर थंडी. बूट पाणी न शिरणारे. प्रत्येकाच्या पिशवीत मोज्यांचा एक जोड जास्त ठेवा. साडी नेसणाऱ्या सासूबाईंना आतून थर्मल पँट आणि पायात बूट चालतील का ते आधीच विचारून घ्या, फ्लोमच्या धक्क्यावर नव्हे.

या दिवसांत रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो आणि पहाट साडेचारच्या आसपास होते. मुलं झोपायला तयार होत नाहीत. खोलीत पडदे जाड नसतील तर चिकटपट्टी आणि गडद रंगाची ओढणी हाताशी ठेवा.

फेरीच्या दिवशी सकाळी कुणाला ताप-सर्दी असली, तर तिकीट फुकट जाईल म्हणून ओढत नेऊ नका. त्याच्याबरोबर एक जण बर्गनमध्ये थांबू दे. गावातच फ्लॉयबानेन ही केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे टेकडीवर नेते. बरं वाटलं की दुपारी तेवढं करता येतं, आणि वरून फ्योर्डचं तोंड दिसतं.